दिलगिरीखालचं नाव

प्रज्ञाला माझ्यापेक्षा चांगलं लिहिता येतं हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि त्याच दिवसापासून ती मला डोळ्यांत खुपायला लागली. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. आमच्या वयाच्या बायका आठवणी लिहायला बसल्या की सगळ्या मैत्रिणी गोड होतात आणि सगळे दिवस सोन्याचे. लातूरचे माझे ते दिवस जळफळाटात गेले. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत मी एका सडपातळ, चष्मेवाल्या, हळू बोलणाऱ्या मुलीवर जळत होते, आणि ती माझ्याच शेजारी, आत्याच्या गोधडीवर झोपत होती.

मी मुखेडची. आमची शेती, पण अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा जीव पेपरात. सकाळच्या एसटीनं पेपरचा गठ्ठा स्टँडवर उतरायच्या आधी ते तिथं हजर असायचे. मी लातूरच्या एका दैनिकात शिकाऊ वार्ताहर म्हणून लागले तेव्हा त्यांनी आठवडी बाजारात दिसेल त्याला सांगितलं, पोरगी पेपरात हाय. लोक विचारायचे, मग नाव कुठं असतं? तिथं अण्णांची अडचण व्हायची. आमच्याकडे नव्या माणसाचं नाव छापत नसत. कितीही वणवण करून बातमी आणा, वर छापून यायचं, ‘आमच्या वार्ताहराकडून’. नाव साहेब देत, म्हणजे आमचे संपादक, आणि ते सणावाराला लुगडं द्यावं तसं, मनात आलं तर. मी गावी गेले की अण्णा सगळा अंक पसरून बसायचे आणि बोट फिरवत विचारायचे, “यातलं तुझं कोणतं?” मी दाखवायची. “आन् नाव?” मी पान उलटायची.

प्रज्ञा उमरीची. तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स. आम्ही दोघी एकाच आठवड्यात लागलो आणि साहेबांनी दोघींना एकत्र उभं करून सांगितलं, “बारावीच्या निकालाचा हंगाम होऊ द्या. मग दोघींतली एक ठेवू. जागा एकच आहे.” हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की प्रज्ञा चक्क हसली. मला हसू आलं नाही. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही जागा माझी. वर माझीच मती फिरलेली, तिला खोली मिळत नव्हती म्हणून मीच तिला आत्याकडे घेऊन आले.

आत्याचं घर डाळमिलच्या मागच्या गल्लीत होतं. दिवसभर मिलच्या पट्ट्याची धडधड भिंतीतून यायची आणि तुरीच्या कच्च्या डाळीचा वास कपड्यांना, केसांना, पिठालासुद्धा लागलेला असायचा. पट्टा थांबला की गल्लीतली तान्ही पोरं दचकून उठायची. आत्याचे यजमान एसटीत कंडक्टर. ते घरी कमी आणि उदगीर-देगलूरच्या गाडीवर जास्त. त्यामुळे घर बायकांचंच. सकाळी सुशीला व्हायचा, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, वरून शेंगदाणे नि कोथिंबीर. दुपारी जवारीची भाकरी, येसराच्या मसालेदार पिठाची आमटी, आणि दगडावर रगडलेली शेंगदाण्याची चटणी. पहिल्या आठवड्यात आत्यानं प्रज्ञाचा पेला वेगळा ठेवला होता. प्रज्ञानं एक दिवस सगळीच भांडी घासली आणि तो पेला आमच्या पेल्यांत मिसळून टाकला. तिसऱ्या दिवशी कुठला कुणाचा ते आत्यालाही सांगता येईना, आणि महिनाभरात तर आत्या तिच्या डोक्याला तेल लावायला लागली. माझ्या सख्ख्या आत्यानं माझ्या डोक्याला कधी तेल लावलं नव्हतं. “तुझे केस राठ हायेत, कुसे,” असं म्हणायची. सुशीला वाढताना प्रज्ञाच्या ताटलीत शेंगदाणे जास्त पडतात हे मी मोजून नाही, पण नीट बघून सांगते.

कचेरीत तेच. डेस्कवर पांचाळ काका बसायचे, आमच्या बातम्या कापायचे, मथळे आणि फोटोंखालच्या ओळी लिहायचे. माझ्या बातमीतून ते पेनानं लांबच लांब आडव्या रेघा ओढत आणि म्हणत, “बाई, हे कीर्तन कशाला?” प्रज्ञाची बातमी आली की पेन खाली ठेवून वाचत. ती छोटी छोटी वाक्यं लिहायची. कुणी आरोप केला की ज्याच्यावर केला त्याच्या दारात जाऊन ती त्याचंही म्हणणं घेऊन यायची, मग त्यात सबंध दुपार गेली तरी. मी म्हणायची, ही वेळकाढू आहे. आज नांदेडला पत्रकारितेच्या पोरांपुढे तिला याच गोष्टीवर बोलायला बोलावतात, हार घालतात, आणि मी श्रोत्यांत बसून टाळ्या वाजवते. टाळ्या मी जोरात वाजवते. न वाजवून सांगू कुणाला?

तर निकालाचा हंगाम. लातुरात तो काय असतो हे बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. क्लासवाले आदल्या दिवसापासून जीप धुऊन ठेवायचे, बॅनर तयार, फक्त नावाची जागा कोरी. निकाल लागला की पहिल्या आलेल्या पोराच्या घरी जो क्लासवाला आधी पोचेल त्याचा तो विद्यार्थी. आणि त्यांच्या मागोमाग आम्ही. पेपरात फोटो ठरलेला, आई पोराला पेढा भरवते आहे. दुसरा कुठला फोटो कुणाला सुचायचाच नाही. पण सगळ्याच घरांत पेढे कुठून असणार? म्हणून आमचे फोटोग्राफर नजीरभाई त्या दिवशी निघतानाच चौकातल्या हलवायाकडून पेढ्यांचा पुडा घेऊन डिकीत टाकायचे. दारात पोचलं की पुडा उघडायचा, एक पेढा आईच्या हातात द्यायचा, “हां माय, भरवा, इकडं बघा,” आणि फोटो झाला की पुडा पुढच्या घरी. यात काही वावगं आहे असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं. लग्नात फोटोवाला ‘पुन्हा एकदा हार घाला’ म्हणतोच की.

त्या वर्षी विभागात पहिली आली ती अहमदपूरजवळच्या एका खेड्यातली मुलगी. साहेबांनी वर बघितलं, माझ्याकडे, मग प्रज्ञाकडे, आणि म्हणाले, “प्रज्ञा, तू जा नजीरभाईंबरोबर.” मला शहरातल्या एका कॉलेजचा निकाल दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहमदपूरकडची वाट माझी, माझ्या गावाकडे जाणारी, तिथली माणसं माझ्यासारखी बोलणारी. आणि जाणार ही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, मधोमध, तो फोटो. पत्र्याचं घर, अंगणात बायकांचा घोळका, मागं क्लासचं बॅनर, आणि पुढं आई मुलीच्या तोंडापाशी पेढा धरलेली. दोघींच्या डोळ्यांत पाणी. खाली पांचाळ काकांची ओळ, ‘कष्टाचे चीज झाले! मायलेकींच्या डोळ्यांत आनंदाश्रू.’ फोटो इतका चांगला होता की मला बघवेना. साहेबांनी सगळ्यांसमोर प्रज्ञाला “शाब्बास” म्हटलं. आत्यानं अंक गल्लीभर फिरवला. “आमच्या पोरीनं आनलेली बातमी हाय,” असं तिनं सांगितलं, आणि ‘आमची पोरगी’ म्हणताना तिनं बोट दाखवलं ते माझ्याकडे नव्हतं. त्या दिवशी जेवताना मी दुसरी भाकरी घेतली नाही. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यानंतरच्या दिवशी दुपारी कचेरीत एक माणूस आला. धोतर, पांढरी टोपी, हातात घडी केलेला आमचा अंक. तो त्या मुलीचा मामा होता. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, साहेबांना आरडाओरडा कसा मिटवायचा ते ठाऊक होतं. तो उभाच राहिला आणि म्हणाला, “ह्यो फोटू तुमचाच हाय ना?”

“आमचाच. अभिनंदन तुमचं,” साहेब म्हणाले.

“साहेब, माजं दाजी वारल्याला नववा दिस व्हता त्यो. घरात चूल न्हाई पेटली नीट. आन् तुमी माज्या बहिनीच्या हातात पेढा दिला.”

मामा सांगत गेला. अंगणातल्या त्या बायका भेटायला आलेल्या होत्या, समाचाराला. जीप आली, बॅनर लागलं, कॅमेरा आला. घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पेपरवाल्यांना सगळं ठाऊक असतं, अशी गावाची समजूत. बहिणीला साहेब लोकांनी धर म्हटलं, तिनं धरला. पेढा तोंडाला लागलासुद्धा नाही. पण फोटोत तेवढं कुठं दिसतं? दहाव्याला घाटावर भावकी जमली तेव्हा अंक हातोहात फिरत होता. “नवरा जळून दहा दिस न्हाई झालं आन् ही पेढं भरवून राहिली, आसं म्हनत्यात. पोरीला तिचा चुलता नांदेडला कालेजात घालनार व्हता. आता म्हनतो, मी त्या बाईच्या दारात पाय ठिवनार न्हाई, पोरीचं तुमचं तुमी बघा. मी हातावर पोट असलेला मानूस. मी कुठून शिकवू? साहेब, येवढं लिवा की पेढा तुमचा व्हता. दुसरं काय बी नको.”

साहेबांनी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला, “बघतो” म्हणाले आणि वाटेला लावलं. मग दार ओढून घेतलं. मी आणि प्रज्ञा आतच होतो. खरं सांगते, मामाचं ऐकताना मला त्या बाईची कणव येत होती, आणि त्याच वेळी प्रज्ञा चुकली याचं बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. मी म्हणाले, “मी असते तर उंबऱ्यातच ओळखलं असतं. त्या बाईच्या कपाळाला कुंकू नाही, गळा मोकळा. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं.”

प्रज्ञानं फोटो पुन्हा बघितला. “माझी आई कुंकू लावत नाही,” ती म्हणाली. “बाबा आहेत तरी. ती म्हणते, माझा नवरा आहे का नाही ते कपाळावर कशाला वाचायचं लोकांनी. मला कपाळ बघायची सवयच नाही गं.” मला वाटलं आता ती हीच सबब साहेबांना सांगणार, आणि साहेब ती मान्य करणार, कारण सबब खरी होती. पण ती थांबली आणि म्हणाली, “नाही. तूही चुकली असतीस. तू बघून ओळखलं असतंस. विचारलं तूही नसतंस. ‘मुलीचे वडील कुठं आहेत’ एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही. पेढा हातात होता, घाई होती, फोटोसाठी नजीरभाईंना हवं ते ऊन उतरत चाललं होतं.”

ती माझ्याशी वाद घालत नव्हती, स्वतःलाच सांगत होती. मला त्याचाही राग आला. माझ्या तोंडातला एकुलता एक मोठेपणा तिनं काढून घेतला होता.

साहेब म्हणाले, “छापलं ते छापलं. दिलगिरीची सवय लागली की रोज छापावी लागते.”

“मग रोज चुकू नये, सर,” प्रज्ञा म्हणाली.

असं त्यांच्याशी कुणी बोलत नसे. साहेब खुर्चीत मागं रेलले. क्लासवाल्याची पानभर जाहिरात त्याच आठवड्यात यायची होती, आणि बॅनर त्याच फोटोत होतं. फोटो खोटा म्हटला की बॅनरही खोटं ठरलंच. शेवटी साहेब म्हणाले, “दैनिक माफी मागणार नाही. पेपर चुकला असं मी छापणार नाही. वार्ताहर चुकली असेल तर तिनं तिच्या नावानं मागावी. घालू नाव?” ते धमकी म्हणून बोलले होते. जिचं नाव अजून एकदाही छापलेलं नाही तिचं नाव पहिल्यांदा येणार ते चुकीखाली. कुठली पोरगी हो म्हणेल?

“घाला,” ती म्हणाली.

मी तिला बाहेर व्हरांड्यात धरलं. “वेडी आहेस का? आनंदाश्रू तर काकांनी लिहिलं. पेढे नजीरभाईंचे. पाठवलं साहेबांनी. तूच का?” ती म्हणाली, “बातमी माझी होती ना.” आणि आत जाऊन लिहायला बसली.

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, हे आलं. मला पाठ आहे. ‘बारावीत पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीला तिची आई पेढा भरवत असल्याचे छायाचित्र आम्ही छापले. पेढा आमचा होता. तो हातात धरायला आम्हीच सांगितले. त्या घरातल्या मृत्यूचा तो नववा दिवस होता. आम्ही विचारले नाही. पेढा कोणी खाल्ला नाही. डोळ्यांतले पाणी आनंदाचे नव्हते. चूक माझी आहे, त्या मायलेकींची नाही.’ खाली तिचं नाव, आडनावासकट, जाड ठशात.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कुठंही एक शब्द जास्तीचा नाही, पांचाळ काकांची एक रेघ नाही. लोक म्हणतात, बिचारीची नाचक्की झाली. मला मात्र त्या जाड ठशाकडे बघून पोटात दुखायला लागलं. तिचं नाव आलं होतं. मुखेडहून अण्णांचा फोन आला, स्टँडवरच्या एसटीडीतून, ओरडून बोलत होते. “कुसुम, तुज्यासंगं हाय त्या पोरीचं नाव आलंय बघ पेपरात! तुजं कवा?”

“अण्णा, दिलगिरीत आलंय ते.”

“कशात का व्हईना. आलंय की!”

हल्ली मोबाइलवर सकाळपासून बातम्या आदळत असतात. दुपारी त्यातल्या निम्म्या गुपचूप पुसून टाकलेल्या असतात, जणू कधी नव्हत्याच. कुणी पुसल्या, का पुसल्या, कुणाचं काय झालं, काही नाही. नातू मला म्हणतो, “आजी, डिलीट केलं की झालं.” मी त्याला काही सांगायला जात नाही.

हंगाम संपल्यावर साहेबांनी मला ठेवलं. प्रज्ञाला सांगितलं, तुला पुढं कळवू. त्याचा अर्थ तिलाही कळला. ती नांदेडला गेली त्या सकाळी आत्यानं तिला धपाटे बांधून दिले, फडक्यात लसणाची चटणी वेगळी, आणि दाराशी उभी राहून डोळ्याला पदर लावला. नजीरभाई तिला गाडीवर बसवून स्टँडला सोडायला गेले. त्या वर्षापासून त्यांनी डिकीत पुडा ठेवला नाही, कुणी म्हटलं तर म्हणायचे, “घरात असंल तर काढीन, नसंल तर नुसता चेहरा काढीन.” मी जिंकले होते, आणि घरात माझ्याशी कुणी नीट बोलत नव्हतं. आत्या सुशीला वाढायची तेव्हा आता माझ्या ताटलीतही शेंगदाणे भरपूर असायचे. मला ते गोड लागले नाहीत, पण मी खाल्ले.

पावसाळा सरत आल्यावर साहेबांनी मला बोलावलं. “त्या अहमदपूरच्या पोरीचं काय झालं बघून ये. तिच्या आईशी बोल. लोकांना वाचायचं आहे. आणि यावर तुझं नाव देऊ.” मी एसटीत बसले तेव्हा मथळा डोक्यात तयार होता आणि त्याखाली माझं नावही दिसत होतं. अहमदपूरला उतरून काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून त्या गावी पोचले. पत्र्याचं घर ओळखू आलं. अंगण सारवलेलं होतं. एक बाई सुपात मूग पाखडत बसली होती. मी म्हणाले, लातूरच्या पेपरातून आले.

तिनं सूप खाली ठेवलं. उठली, पाणी आणलं, सतरंजी झटकून टाकली आणि मला बसवून अगदी मांडीला मांडी लावून शेजारी बसली. माझा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. राठ, उन्हानं तापलेले हात होते. “माय,” ती म्हणाली, “तुमी लई उपकार केले. मला वाचता येत न्हाई. मास्तरांनी पारावर धा लोकांत वाचून दाखविलं. चूक माजी हाय, त्येंची न्हाई, आसं. कुनी हू का चू केलं न्हाई. भाऊजी खाली मान घालून घरला गेले. दुसऱ्या दिशी सवता आले, पोरीला घिऊन नांदेडला गेले, कालेजात घालून आले. पोरगी हास्टेलात हाय आता.” ती रडत नव्हती, हसत होती, आणि हात कुरवाळत होती. मग तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. “ते लिवनारी पोरगी तुमीच ना?”

तिला नाव वाचता येत नव्हतं. प्रज्ञा नांदेडला गेली होती. अंगणात आम्ही दोघीच होतो. त्या हातांतून माझा हात काढून घ्यावा असं मला मुळीच वाटत नव्हतं. इतक्या कौतुकानं माझ्याकडे त्या सबंध वर्षात कुणी बघितलं नव्हतं, घरात नाही, कचेरीत नाही, मुखेडलाही नाही.

“नाही,” मी म्हणाले. “ती दुसरी.”

“आसं व्हय.” तिनं माझ्या पिशवीकडे बघितलं. “मंग तुमी काय लिवता?”

“बातम्या,” मी म्हणाले.

तिनं हळूच माझा हात सोडला, पदर कपाळावर पुढं ओढला, आणि हातभर लांब सरकून बसली.